सरळ रेषा कोण ठरवतं?
स्टीअरिंग सरळ धरलं, तरी गाडी तिरकी का जाते? आपण लगेच पुढची चाकं तपासतो. दोष मागेही असू शकतो, बरं का!

१९९५ पासून पुण्यात तयार झालेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ घेऊ. तिच्या प्रत्येक मागच्या चाकाला ५ दांडे धरून ठेवतात. त्यांतला ट्रॅक रॉड चाकाची दिशा सांभाळतो. त्याचा बॉल जॉइंट किंवा रबरी बुश झिजला, की चाक आपसूक वळू लागतं. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं.

रॉड बदलताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी आणि आतल्या एक्सेंट्रिक बोल्टवर आधी खूण करावी. बुशचा बोल्ट मात्र चाकांवर वजन आल्यावरच पक्का आवळायचा. लोंबत्या चाकावर आवळला, तर रबर पिळलेलंच राहतं, लवकर फाटतं.

आपली खूण अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत पोहोचण्यापुरतीच. तिथे आधी मागचा टो जुळवायचा, मग पुढचा. कारण गाडीची सरळ रेषा मागची चाकं ठरवतात. क्रम उलटला, तर वाकड्या रेषेलाच आपण सरळ मानून बसतो.