चाकांची अदलाबदल

'पुढचे टायर घासले की नवे दोन आणून पुढेच घालायचे', हा आमच्या घरातला कायदा. तो वडिलांनी केला तेव्हा दारात प्रीमियर पद्मिनी उभी असे. गाडी वळवायची पुढच्या चाकांनी, तेव्हा चांगले टायर त्यांनाच, हे त्यांचे साधे गणित. पुढे गाडी बदलली; कायदा तसाच राहिला.

२०१८ च्या गणपतीत आम्ही कऱ्हाडहून चिपळूणला निघालो होतो. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुले. कुंभार्ली घाटात पाऊस धो धो कोसळत होता. उतारावरच्या एका वळणावर मी ब्रेक जरा जोरात दाबला आणि गाडीचा मागचा भाग चक्क दरीच्या बाजूला सरकला! घाबरून पाय उचलला म्हणून गाडी सावरली. कठडा हातभर लांब राहिला होता. चिपळूण येईपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्या चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ''नवे पुढे अन् जुने मागे? उलटं केलंत साहेब! पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय सैल केला की पुन्हा ऐकते. मागची घसरली की गाडीच फिरते.'' मग त्यांनी मागच्या टायरवरचे आकडे दाखवले : १४११. म्हणजे २०११ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. सात वर्षांत पुढचे टायर मी दोनदा बदलले होते, मागच्यांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. नक्षी थोडी उरली होती. रबर मात्र कडक झाले होते.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. ओढायचे त्यांनी, वळायचे त्यांनी, इंजिनचे वजन पेलायचे त्यांनी आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. घरातल्या कर्त्या माणसासारखी ती आधी झिजतात. म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवायचे. पुढचे दोन्ही सरळ आपापल्या बाजूने मागे. मागचे दोन्ही तिरके, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढचे मागे करायचे. स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिला या खेळात घेऊ नये. काम झाल्यावर पुढची-मागची हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरावी आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

यातून जादूने पैसा वाचत नाही. एकूण रबर तेवढेच झिजते. पण चारही टायर बरोबरीने म्हातारे होतात. मात्र हे पहिल्यापासून करावे. पुढचे पार घासल्यावर ते मागे टाकणे म्हणजे आमचा घाटातला प्रसंग ओढवून घेणे. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे. टायरची एकच कड घासत असेल तर आधी अलाइनमेंट तपासावी, नाही तर रोग चारही चाकांना वाटला जातो. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेच बाद. पावसाळ्यात तेवढीही वाट पाहू नये.

''एकदम चार टायरांचं बिल म्हणजे महिना कोलमडला!'' सौ. म्हणाली. तिचेही खरेच. आता ती दरमहा थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकते.

वडिलांना सारे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जुनी डायरी काढून किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. आता मी विसरलो तरी चहा पिताना विचारतात, ''काय रे, आठ हजार झाले का?''