पाऊस कमी, तरी मुळं कुजतात

बीड जिल्ह्याची वर्षभराच्या पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरला एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीच्या तलवाड्यासारख्या गावात ‘आपल्याकडं झाड पाण्यानं मरत नाही, पाण्यावाचून मरतं’ असं कुणी म्हटलं तर ते पटतंच. उन्हाळ्यापुरतं ते खरंही आहे. पण अंगणातली पपई ऐन श्रावणात माना टाकते, लिंबाची पानं पिवळी पडून गळतात, मोगरा काळपटतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसून तुंबलेल्या पाण्याचा असतो.

याचं कारण जमिनीत आहे. इथल्या खोल काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार. उन्हाळ्यात ती भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं आणि माती तहानलेली वाटते. पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी अगदी सावकाश मुरू लागतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात. पपईला दोन दिवस तुंबलेलं पाणीही जिवावर बेतू शकतं. गावात एकूण पाऊस किती झाला याच्याशी झाडाला देणंघेणं नाही. मुळाशी पाणी किती वेळ थांबलं, एवढंच त्याला कळतं.

इथेच दुसरा गैरसमज येतो: पानं मलूल दिसली की झाडाला तहान लागली. गुदमरलेलं मूळ पाणी उचलू शकत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही सुकल्यासारखंच दिसतं. त्याला आणखी दोन तांबे घातले की त्याचा निकाल लागतो. आधी बोटभर खोल माती उकरून पाहा. ओली लागली, तर पाणी बंद करा, आळ्याचा बांध फोडून चर काढा आणि वाफसा आल्यावर माती हलकेच मोकळी करा. आळं ही उन्हाळ्याची सोय आहे. पावसाळ्यात खोडाभोवती मातीची भर घालून पाणी बाहेर उतरेल असा उतार द्यायचा असतो. आपण मात्र बाराही महिने आळं तसंच ठेवतो.

या भागातल्या मोसंबीच्या बागायतदारांना डिंक्या नवा नाही. ओलं खोड, तुंबलेलं पाणी आणि फायटोफ्थोरा ही बुरशी एकत्र आली की साल तडकून डिंक गळतो. अंगणातल्या लिंबालाही तो होतो. ‘झाडात रस जास्त झाला’ म्हणून सोडून देऊ नका. रोगट साल खरवडून तिथे बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. घरच्या एका झाडाला शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरतं. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. मलम ताजंच वापरा.

कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा होतो, हाही पक्का बसलेला समज. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड झाल्यावरच ते खाली सरकतं, म्हणजे ओलीचा थर उलट मुळांजवळ येतो. भोकावर एक खापर पुरे. काळ्या मातीतच वाळू, मुरलेलं शेणखत आणि पालापाचोळा सढळ हातानं मिसळा. आणि पत्र्याखालच्या कुंड्यांना पावसाळ्यातही पाणी लागतं. पावसात खंड पडला की उघड्यावरच्यांनाही लागतं, तेव्हा आकाशाकडे न बघता मातीकडे बघून पाणी घाला.

जुलै 2022 मध्ये लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून घरोघरी मिठाची पुडी तयार असते. मिठानं गोगलगाय मरते हे खरं, पण मीठ मातीतच उरतं. निचरा नसलेल्या काळ्या मातीत ते साठत जातं आणि माती चोपण होते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याजवळ टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला, बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवा आणि नंतर पुरून टाका. शंखी गोगलगाय एका खेपेला शंभराहून जास्त अंडी मातीत घालते, त्यामुळे एका दिवसाच्या वेचणीनं काम संपत नाही. विषारी गोळ्या कोंबड्या आणि कुत्री असलेल्या अंगणात तर नकोतच.

मातीत चुना घालण्याचा सल्ला कोकणातून येतो. तिथल्या जास्त पावसाच्या आंबट मातीला तो मानवतो. आपल्या मातीत चुनखडी आधीच आहे. इथे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह मुळांना उचलता येत नसतं. त्यावर आणखी चुना घालणं म्हणजे दुखणं वाढवणं. हायड्रेंजियासारखी थंड हवेची, आंबट मातीची झाडं नर्सरीत कितीही देखणी दिसली, तरी इथे त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

नवं रोप आणण्याआधी फूटभर खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते मुरल्यावर रात्री पुन्हा भरा. सकाळीही पाणी उभं दिसलं, तर तिथे लिंबू-पपई नको. त्यांना उंचवट्यावर जागा द्या. त्या कोपऱ्यात कर्दळ आणि अळू लावा, त्यांना ओल चालते.