कबाबची भट्टी गॅसवर आली, आता सवयीही बदलायला हव्यात

रमजानच्या दिवसांत मगरिबनंतर मोहम्मद अली रोडवर किंवा भेंडीबाजारात पाय ठेवला की पहिल्यांदा नाकाला लागतो तो सीख कबाबचा धूर. इफ्तारपासून थेट सहरीपर्यंत काही भट्ट्या थंड होतच नाहीत. वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा या एका महिन्यात हाती येतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा धंदा पिढ्यान् पिढ्या कोळशावर चालत आला. आता मात्र लोखंडी शेगडीच्या जागी स्टीलची, नळी आणि नॉब असलेली गॅसची भट्टी दिसू लागली आहे.

हा बदल सर्वांनी हौसेने केलेला नाही. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यानंतर महापालिकेने तंदूर व भट्ट्या चालविणाऱ्या उपाहारगृहांनाही नोटिसा धाडल्या. अनेकांनी घाईघाईने भट्टी विकत घेतली. भट्टी कशी पेटवायची हे विकणाऱ्याने पाच मिनिटांत दाखविले. तिला सांभाळायचे कसे, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. म्हणून आज आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी याच विषयावर बोलणार आहोत.

उस्तादांची एक चूक

आमच्या परिचयातले एक उस्ताद तीस वर्षे कोळशावर कबाब भाजत आले. निखाऱ्याचा रंग पाहून ते सीख कधी फिरवायची ते सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गॅसची भट्टी घेतली. एका रात्री गर्दीच्या वेळी सिलिंडर संपला आणि भट्टी विझली. शागीर्दाने धावत जाऊन भरलेला सिलिंडर जोडला. भट्टीचे नॉब मात्र उघडेच राहिले होते. नवा सिलिंडर सुरू होताच गॅस भट्टीच्या पोटात भरू लागला. ग्राहकाचे पैसे घेऊन, सुटे देऊन मुलगा परत आला आणि त्याने लायटर दाबला. मोठा भडका उडाला. मुलाच्या भुवया आणि हातावरचे केस जळाले. डोळे वाचले, हे नशीब.

उस्ताद आम्हाला म्हणाले, "कोळसा असता तर असं झालं नसतं." ते खरेच बोलत होते. कोळसा आपला धोका लपवीत नाही. तो लाल दिसतो, चटका देतो, विझायलाही वेळ घेतो. गॅस डोळ्यांना दिसत नाही, आणि विझलेली भट्टी पेटलेल्या भट्टीपेक्षा अधिक धोक्याची ठरू शकते. कोळशावर कमावलेला अनुभव गॅसपुढे पुरत नाही, हे आधी कबूल करायला हवे. त्यात कमीपणा काहीच नाही.

गॅसचा स्वभाव

आपण वापरतो तो गॅस मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली पातळ स्वरूपात राहतो. बाहेर पडला की एक लिटर पातळ गॅसचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी एक ठिणगी पुरते. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. म्हणून तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. गटाराचे तोंड, तळघराचा जिना, ओट्याखालचा कोनाडा ही त्याची आवडती ठिकाणे.

आता आपल्या टपऱ्या आठवून पाहा. टेबलाखाली सिलिंडर, समोर शोभेचा कापडी पडदा, पायाशी गटाराची जाळी, डोक्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री. पडद्याआड गळलेला गॅस कोणाला दिसणार? सिलिंडर नेहमी उघड्यावर, सपाट जागेवर, उभाच ठेवावा. आडवा केल्यास पातळ गॅस नळीत येतो आणि ज्वाला आवरत नाही. भट्टी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी आणि तिची धग सिलिंडरला लागू नये. सिलिंडर पेटीत ठेवायचा असेल तर पेटीला तळाशी झरोके हवेत. वरचे झरोके जड गॅसच्या उपयोगाचे नाहीत.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. परंतु चार तास मसाला, चरबी आणि धुरात उभे राहिलेल्या माणसाचे नाक बोथट होते. आपल्या नाकावर सगळा भरवसा ठेवू नका. ग्राहकाने "वास येतोय" म्हटले तर त्याच्याशी वाद न घालता आधी गॅस बंद करा.

सिलिंडर कोणता घ्यावा

येथे थोडे कडू बोलावे लागेल. घरगुती लाल सिलिंडर १४.२ किलोचा, तर धंद्यासाठीचा निळा सिलिंडर १९ किलोचा असतो. घरगुती सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून काही बांधव तोच भट्टीला लावतात. सन २००० च्या गॅस वितरण आदेशानुसार हा गुन्हा आहे. माल जप्त होतो, ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की अपघात झालाच तर विम्याचा दावा अडकून पडतो आणि जखमी कामगाराच्या घरच्यांपुढे मालकाला मान खाली घालावी लागते. किलोमागे वाचविलेले पैसे तेव्हा कामाला येत नाहीत.

सिलिंडर घेताना सील व टोपी पाहावी आणि वजन करून घ्यावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. त्यात गॅसचे वजन मिळविले की हिशोब लागतो. वरच्या कड्याच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ती पुढील तपासणीची मुदत होय. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवा.

सिलिंडरच्या तोंडातला रबरी वायसर चिरलेला किंवा गायब असेल तर गळती ठरलेलीच. नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली घ्यावी. घरी ती पाच वर्षे चालते असे म्हणतात. आपल्याकडे मात्र तिच्यावर धग, चरबी आणि उंदीर या तिघांचा मारा असतो. म्हणून दर महिन्याला ती वाकवून पाहावी आणि चीर दिसली की त्याच दिवशी बदलावी. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. रेग्युलेटरही भट्टीच्या बर्नरला जुळणारा असावा. कमी दाबाच्या बर्नरला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावून आच वाढविण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

मोठ्या आचेवर सिलिंडर सतत चालला की त्याच्या अंगावर दव आणि कधी बर्फही जमतो, कारण पातळ गॅस वायू होताना सिलिंडरची उष्णता शोषून घेतो. मग ज्वाला मंदावते. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा त्याला शेक देणे हा उपाय नव्हे, ती आफत आहे. अधिकृत कारागिराकडून दोन सिलिंडरांची जोडणी करून घेणे हाच खरा इलाज.

पेटविताना आणि बंद करताना

भट्टीला झाकण असेल तर ते आधी पूर्ण उघडा. सर्व नॉब बंद आहेत याची खात्री करा. मगच सिलिंडर सुरू करा. पेटती काडी किंवा लायटर आधी बर्नरजवळ न्या आणि नंतर नॉब फिरवा. आधी गॅस आणि मग काडीची शोधाशोध, हा क्रम घातक आहे. पहिल्या प्रयत्नात भट्टी पेटली नाही किंवा वाऱ्याने विझली, तर नॉब बंद करून झाकण उघडे ठेवून पाच मिनिटे थांबा. रांगेतला ग्राहक पाच मिनिटे थांबतो, हा आमचा अनुभव आहे.

बंद करताना उलट क्रम ठेवा. आधी सिलिंडर बंद करा, नळीतला उरलेला गॅस जळू द्या, ज्वाला आपोआप गेली की नॉब बंद करा. सिलिंडर बदलताना जवळपास कोठेही ज्योत नको, बिडी-सिगारेट नको. बदलल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग आजही आहेत. त्यांच्या हाती भट्टी देऊ नये. गॅसची भट्टी बंद खोलीत किंवा शटर ओढून कधीही चालवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न देताच जीव घेतो.

सफाई म्हणजे अर्धी सुरक्षा

सीखेतून गळणारी चरबी ही चवीची मैत्रीण. ती तापलेल्या पत्र्यावर किंवा दगडावर पडून जो धूर उठतो, त्यातूनच कबाबचा खमंगपणा येतो. गॅसवर चव येत नाही ही तक्रार म्हणूनच पूर्ण खरी नाही. ज्यांना कोळशाचाच वास हवा, ते भाजून झाल्यावर भांड्यात एक निखारा ठेवून वर तूप सोडून धुंगार देतात. परंतु हीच चरबी खालच्या ट्रेमध्ये साचली की इंधन होते. ट्रे रोज रिकामा करून धुवावा; गर्दीच्या दिवसांत रात्रीतून दोनदा.

ज्वाला निळी असावी. ती पिवळी पडली, मांसाला काजळी धरू लागली, तर जेट तुंबले आहे किंवा हवेचे तोंड बंद झाले आहे असे समजा. यात गॅसही वाया जातो. जेटचे भोक तार घालून मोठे करू नका. ते साफ करून घ्या किंवा बदला. हंगामानंतर महिनोन्महिने पडून राहिलेल्या भट्टीच्या नळकांड्यात कोळी जाळे विणतात. मग गॅस उलट्या तोंडाने बाहेर येऊन नॉबपाशी पेटतो. म्हणून रमजानच्या आणि बकरी ईदच्या आठवडाभर आधी भट्टी उघडून, झाडून, साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावी. जाळी तारेच्या ब्रशने घासली असेल तर ती ओल्या कपड्याने पुसावी. तुटलेली बारीक तार मांसात जाऊन ग्राहकाच्या घशात रुतते.

आग लागलीच तर

चरबी पेटली तर पाणी ओतू नका, भडका चौपट होतो. गॅस बंद करा आणि झाकण लावा किंवा मीठ टाका. सिलिंडरच्या तोंडाशी आग असेल आणि हात पोहोचत असेल, तर ओले गोणपाट टाकून व्हॉल्व्ह बंद करा. हात पोहोचत नसेल तर माणसे दूर न्या आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. गॅस बंद करता येत नसताना नुसती ज्वाला विझविली, तर गळणारा गॅस साचून अधिक मोठा स्फोट होऊ शकतो. आग नसून केवळ गळती असेल तर विजेचे बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर कळवा. पावडरचे अग्निशामक उपकरण भट्टीच्या मागे नव्हे, बाहेर पडण्याच्या वाटेवर टांगा. पेटल्यावर भट्टीच्या मागे कोण जाणार?

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी भर दुपारी कुर्ल्यातील एका उपाहारगृहात गॅस सिलिंडरमुळे आग भडकून ८ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक जेवायला आलेले विद्यार्थी होते. आपल्या दुकानात जो जेवायला येतो, तो आपल्या भरवशावर बसतो. त्याचा जीव ही आपल्याकडची अमानत आहे.

भट्टीजवळ लावण्याची यादी

१. सिलिंडर सुरू करण्याआधी सर्व नॉब बंद.
२. आधी काडी, मग गॅस. विझल्यास पाच मिनिटे थांबा.
३. सिलिंडर बदलला की साबणाचे पाणी.
४. चरबीचा ट्रे रोज रिकामा.
५. दुकान बंद करताना सिलिंडर बंद, आणि बंद करणाऱ्याची वहीत सही.

यातली पाचवी ओळ आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. "कोणीतरी बंद केला असेल" या एका वाक्याने आजवर पुष्कळ दुकाने जाळली आहेत. झोपण्यापूर्वी आग विझवावी, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून दिली जाते. दुकानालाही तीच लागू करा आणि त्यासाठी एक माणूस नेमा. आमच्या त्या उस्तादांनी आता सिलिंडर बदलण्याचे काम शागीर्दाकडून काढून स्वतःकडे घेतले आहे. शटर ओढण्यापूर्वी ते व्हॉल्व्हला हात लावून पाहतात, वहीत सही करतात आणि मगच घरी जातात. त्यांचे कबाब अजूनही पहिल्यासारखेच लागतात, हे आम्ही स्वतः खाऊन सांगत आहोत.