बाप्तिस्मा झाला काय, न झाला काय?

देवाधर्माशी फारसा संबंध न राहिलेली इंग्रज कुटुंबंही तान्ह्या बाळाला चर्चमध्ये नेतात. ‘पुढे कुठे अडायला नको’ हे त्यामागचं एक कारण असतं. खरंच कुठे अडतं का?

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण २५.२ टक्के होतं. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आले. तरीही घरात मूल जन्मलं की ‘बाप्तिस्मा करायचा का?’ हा प्रश्न निघतोच. आई-वडील चर्चची पायरी चढतात ती लग्नाला नाहीतर मर्तिकाला. आजीची मात्र इच्छा असते, की घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पांढरा झगा नातवाच्याही अंगावर यावा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत सून किंवा जावई इंग्रज असेल, तर तिथेही हा विषय येतो. मग कोणीतरी व्यवहाराचा सल्ला देतं, ‘करून टाका, नुकसान तर नाही!’ हा सल्ला तपासून घेतला पाहिजे, कारण निर्णय आई-वडिलांचा असला तरी तो वागवायचा असतो मुलाला.

आजीच्या आग्रहामागचा इतिहास

विधी साधा आहे. कुंडातलं पाणी बाळाच्या डोक्यावर ओततात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात आणि बाळाच्या वतीने आई-वडील व धर्ममाता-धर्मपिता वचनं देतात. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८मध्ये प्रत्येक पॅरिशला (चर्चच्या स्थानिक विभागाला) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवायला लावली. पुढची तीनशे वर्षं सामान्य माणसाच्या अस्तित्वाचा लेखी पुरावा बहुधा तेवढाच होता.

त्याहून खोल होती ती मरणाची भीती. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, प्रार्थनाग्रंथातला अंत्यविधी मिळत नसे. थॉमस हार्डीच्या ‘टेस’ या १८९१च्या कादंबरीत टेस आपल्या मरणासन्न बाळाला घरातच स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा देते, तो याच धास्तीपोटी. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या जमिनीबाहेर, शेताच्या कडेला किंवा पडक्या मठाजवळ पुरत. त्या जागा आजही दाखवल्या जातात. या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ आधार आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने २००७मध्ये म्हटलं. तेव्हा आजीच्या आग्रहाला कोणी खुळचटपणा म्हणू नये. कित्येक पिढ्यांच्या आयांनी सोसलेलं भय त्यात उतरलेलं आहे.

नाव, लग्न, पालकत्व

आजच्या इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या त्या वहीवर काय अवलंबून आहे? नाव तर नाही. १ जुलै १८३७पासून सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. आता ती ४२ दिवसांत करावी लागते आणि कायद्याच्या दृष्टीने तीच ओळख. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत बाळाचं नाव बदलायचं असेल, तर बाप्तिस्म्याचा दाखला चालतो. बाप्तिस्मा न करता नाव बदललं असेल, तर त्यासाठीही वेगळा अर्ज आहे.

लग्नही अडत नाही. चर्च ऑफ इंग्लंड हे राज्यमान्य चर्च असल्यामुळे आपण राहतो त्या पॅरिशच्या चर्चमध्ये लग्न करण्याचा हक्क रहिवाशाला आहे, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दुसऱ्या गावच्या एखाद्या चर्चवर जीव असेल, तर २००८च्या नियमांनुसार तिथे काही नातं दाखवावं लागतं. लहानपणी तिथेच झालेला बाप्तिस्मा हे त्यातलं एक. पण आई-वडिलांचं किंवा आजी-आजोबांचं लग्न तिथे झालेलं असणं, स्वतः तिथे सहा महिने राहिलेलं असणं, हेही चालतं. कॅथलिक जोडीदाराशी कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं, तर बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीसाठी धर्मप्रांताकडून विशेष सूट घ्यावी लागते. ती मागण्याची रीत ठरलेली आहे.

धर्ममाता-धर्मपित्यांबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ‘आम्हाला काही झालं तर हे मुलाला सांभाळतील’ असं समजून अनेक जण निर्धास्त राहतात. कायद्यात या नात्याला काहीच स्थान नाही. पालक नेमायचा असेल तर १९८९च्या बालक कायद्यानुसार मृत्युपत्रात किंवा सही केलेल्या लेखात तसं लिहून ठेवावं लागतं. बाप्तिस्म्याच्या मेजवानीवर खर्च करणाऱ्या प्रत्येक जोडप्याने त्याच महिन्यात हा कागद करावा, असं मला कळकळीने वाटतं.

एक दार तेवढं खरोखर बंद राहतं. ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या मुलाचा धर्मपिता होता येत नाही. जिवलग मैत्रिणीने मोठ्या प्रेमाने विचारावं आणि नाही म्हणावं लागावं, याचं वाईट वाटणारच. पण तशी मनापासून इच्छा झाली, तर बाप्तिस्मा कोणत्याही वयात घेता येतो.

खरी अडचण शाळेची

‘अडेल’ या भीतीत तथ्य आहे ते शाळेच्या बाबतीत. इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा धार्मिक स्वरूपाच्या आहेत. त्यांत बहुसंख्य चर्च ऑफ इंग्लंडच्या, त्याखालोखाल कॅथलिक. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर त्यांना धर्माच्या आधारे अग्रक्रम देता येतो. समता कायद्यात त्यांच्यासाठी तशी सवलतच आहे. अनेक कॅथलिक शाळा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. अँग्लिकन शाळांमध्ये बरेचदा दाखल्यापेक्षा चर्चमधली नियमित हजेरी विचारात घेतात आणि कित्येक शाळा धर्म विचारतही नाहीत. जागा शिल्लक असतील, तर मात्र कोणत्याही शाळेला धर्मावरून कोणालाही नाकारता येत नाही. म्हणजे सगळा प्रश्न नावाजलेल्या, गर्दीच्या शाळांचा. तिथे प्रवेश हवा असेल, तर ऐकीव माहितीवर न जाता त्या शाळेचे त्या वर्षीचे लेखी नियम वाचावेत.

यातला अन्याय मला सलतो. शाळा चालते सर्वांच्या करावर आणि तिच्या दारात चार वर्षांच्या मुलाला विचारलं जातं, तुझ्या आई-वडिलांनी तुला कुठे नेलं होतं? मग नास्तिक आई-वडील वेदीपुढे उभे राहून, मनात नसलेली वचनं मोठ्याने म्हणतात. यात श्रद्धावंतांचा अपमान होतो आणि मुलाच्या वाट्याला येणारी पहिली शपथच खोटी ठरते. हे बदलता येतं, हे आयर्लंडने दाखवून दिलं. तिथल्या सुमारे नव्वद टक्के प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली असूनही २०१८च्या कायद्याने त्यांच्या प्रवेशातली बाप्तिस्म्याची अट काढून टाकली.

जिथे बाप्तिस्म्याला किंमत मोजावी लागते

जर्मनीत परिस्थिती उलटी आहे. तिथे बाप्तिस्म्याने माणूस चर्चचा सदस्य होतो आणि कमावता झाल्यावर आयकराच्या नऊ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आठ टक्के, इतका चर्चकर सरकारमार्फत कापला जातो. आयकर दहा हजार युरो असेल, तर चर्चकर आठशे ते नऊशे युरो. तो थांबवायचा तर न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन चर्चमधून बाहेर पडल्याचं जाहीर करावं लागतं. नोकरीसाठी जर्मनीत जाणाऱ्या वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक तरुणांनाही हे लागू होतं. रहिवासाची नोंद करताना धर्माच्या रकान्यात जे लिहाल, ते पगारपत्रकावर उमटतं.

आपल्याकडे तर याचे परिणाम आणखी दूरवर जातात. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या लहानग्या मुलीला, मनोरमेलाही तो दिला गेला. त्या बातमीने महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं, ते सर्वश्रुत आहे. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा तान्हेपणी झालेल्या तिच्या बाप्तिस्म्याची नोंद हा विचारात घेतलेल्या पुराव्यांपैकी एक होता.

म्हणजे पाणी तेच, विधीही जवळपास तोच. इंग्लंडमधल्या लग्नाला त्याचं काही देणंघेणं नाही, जर्मनीत तो पगारातून वजा होतो आणि भारतात जातीच्या दाखल्यापर्यंत पोचतो. शासन त्या वहीला काय काय जोडतं, त्यावर त्याचं वजन ठरतं.

थांबल्याने काय बिघडतं?

निर्णय घेताना एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. न झालेला बाप्तिस्मा विसाव्या, चाळिसाव्या, सत्तराव्या वर्षीही होऊ शकतो. झालेला मात्र पुसता येत नाही. फ्रान्समधल्या एका गृहस्थांनी चर्चच्या वहीतून आपलं नाव खोडावं म्हणून खटला भरला; तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तो फेटाळला. फार तर नोंदीशेजारी समासात ‘चर्च सोडलं’ असा शेरा मिळतो.

म्हणून ज्यांचा विश्वास आहे, निदान ज्यांना तो शोधायचा आहे, त्यांनी बाप्तिस्मा जरूर करावा. मुलाला एका जुन्या परंपरेचं घर मिळणं ही मोठी देणगी आहे. ज्यांचा विश्वासच नाही, त्यांनी केवळ कागदासाठी तो उरकू नये. चर्च ऑफ इंग्लंडमध्येच बाळाच्या जन्माबद्दल आभार मानण्याची वेगळी उपासना आहे; तिच्यात बाप्तिस्म्याची वचनं द्यावी लागत नाहीत. मानवतावादी संस्थांचे नामकरण सोहळेही आहेत. आजीला तिचा पांढरा झगा तिथेही नातवाच्या अंगावर पाहता येईल. मुलासाठी उभी राहणारी चार माणसं त्या दिवशी जमवा, त्यांच्याकडून मनापासून निभावतील असं वचन घ्या आणि धर्माचा निर्णय मुलाच्या हाती ठेवा. मोठेपणी त्याला बाप्तिस्मा घ्यावासा वाटलाच, तर तो त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलेला असेल.