टाके सुकले, तरी छाती का दुखते?

क्षयाने फुप्फुसाभोवती पू साठला किंवा फुप्फुसात गाठ निघाली, तर काही वेळा बरगड्यांमधून छाती उघडावी लागते. ऑपरेशन चांगले होते, माणूस घरी येतो. पण तीन महिने उलटले तरी सदरा घासला की आग होते, कूस बदलवत नाही, ओझे उचलवत नाही. घरचे म्हणतात, कामाला जायला नको म्हणून सोंग करतो!

भगिनींनो, हे सोंग नव्हे. बरगडीच्या खालच्या कडेने नस जाते. बरगड्या फाकवताना ती दुखावते. अशा ऑपरेशननंतर साधारण तिघांपैकी एकाला तरी हे दुखणे मागे राहते. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांना फार कळ येते, त्यांना धोका अधिक. म्हणून वॉर्डात मुकाट्याने सोसू नये, सिस्टरला सांगावे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. कळीच्या भीतीने खोकला दाबला तर कफ साठतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी सुरुवातीची कळ कमी होते. त्यांनी पुढचे जुनाट दुखणे टळतेच, असे मात्र सिद्ध झालेले नाही. शिवाय जठरात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हृदयाच्या बायपासनंतरच्या दुखण्याला तर त्या वर्ज्यच. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा धोका वाढतो. तेव्हा शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मेडिकलमधून पाकीट आणू नका. आग, मुंग्या राहिल्याच तर नसेच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात. जुना केसपेपर घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा.