पेच आणि पेचकस

परवा धाकटा पुतण्या हातात लांबलचक यादी घेऊन आला. घरातल्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना आता त्याच्या नावावर झाला आहे आणि तिची निगा आपण स्वतः राखावी, अशी त्याची हौस. हौस चांगलीच, पण यादीत चाळीस हत्यारे होती! कानशी होत्या, स्प्रिंगा दाबण्याचे चिमटे होते, घासण्याची चाके होती. "काका, यांतली कोणती घेऊ?" त्याने विचारले. मी यादी बाजूला ठेवली, कपाटातून बंदूक काढायला लावली आणि घोड्याखालच्या पोलादी पट्टीवरचा ओरखडा त्याला दाखवला. तो माझ्या हातचा आहे.

गोष्ट १९६८ सालची. मी अठरा वर्षांचा होतो. बंदूक साफ करण्याचा मान थोरल्या काकांचा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात ते शिकलेले. हत्यार वापरले की पुसून जागेवर ठेवल्याशिवाय पाणीही पीत नसत. ते परगावी गेले असता मी सायकलच्या पिशवीतला पेचकस काढला. आमच्या बडोद्यात त्याला सारे डिसमिस म्हणतात. पट्टीचा पेच फिरवू लागलो, तो हलेना. जोर लावला. पाते निसटले, खाचेची कड उडाली आणि जुन्या नक्षीतून दीड इंचाची रेघ ओढली गेली.

काका परत आले. मला वाटले, आता कान उपटले जाणार. त्यांनी रेघेवरून नुसते बोट फिरवले आणि म्हणाले, "पेच फिरवण्याआधी त्याची खाच बघायची असते, बाळ." मग मला अंगणात बसवून त्यांनी चूक समजावून दिली.

साध्या पेचकसाचे पाते पाचरीसारखे निमुळते असते. खाचेच्या भिंती मात्र उभ्या सरळ. त्यामुळे पाते खाचेच्या वरच्या कडांनाच टेकते, आणि पिळले की वर चढून निसटते. बंदुकीच्या कामाच्या पेचकसाचे पाते टोकाशी दोन्ही अंगांनी समांतर हवे. ते खाचेच्या तळाला टेकावे, जाडीने खाच भरून काढावी, आणि रुंदीला पेचाच्या माथ्याहून तसूभरही जास्त नसावे. काकांनी एक साधा पेचकस घेऊन माझ्यासमोर तो तसा घासला. घासताना पाते पुनःपुन्हा पाण्यात बुडवीत होते; पोलाद तापून निळे पडले, की हत्याराचे पाणी उतरते.

म्हणून पुतण्याला सांगितले, पहिला पैसा पेचकसांवर खर्च कर. आपल्या बंदुकीत तीन मापांच्या खाचा आहेत, तर तीनच घे; पण खाच मोजून घे. दुसरी वस्तू पितळी ठोकणी आणि लहान पितळी हातोडी. नळीला लाकडाशी जखडणारी पाचर हिने ठोकून काढायची. पितळ पोलादाहून मऊ. घाव चुकला तर हत्यार चेपते, बंदूक नाही. तिसरा शेगडा, त्याच्या दोन्ही जबड्यांना जाड चामडे लावून घ्यावे. चौथी वस्तू म्हणजे नळी पुसण्याचा गज, चिंध्या आणि कढत पाणी. काळ्या दारूची राख क्षारयुक्त असते. ती हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी पाणी, मग कोरडे फडके, आणि शेवटी तेलाचा हात.

पाचवी वस्तू बाजारात मिळत नाही. पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून जागच्या जागी भोके पाडावीत आणि निघालेला पेच आपापल्या भोकात खोचावा. इंग्लंडात व्हिटवर्थने १८४१ मध्ये पेचांच्या आट्यांसाठी एकच माप सुचवले. त्यापूर्वी कारखान्याकारखान्याचे आटे निराळे असत. जुन्या बंदुकीचा पेच एका भोकातून निघून दुसऱ्यात बसेल, अशी आशा धरू नये.

या सगळ्याआधी एक काम हत्यारावाचून करायचे. गज नळीत तळापर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. त्याचे टोक टोपी बसते त्या खुंटीपाशी पोचले, तर नळी मोकळी. चार बोटे अलीकडे राहिले, तर आत आजोबा-पणजोबांच्या वेळचा बार ठासलेला असू शकतो. मग बंदुकीला हात न लावता जाणत्या परवानाधारक कारागिराला बोलवावे.

कानशी, पॉलिशची चाके आणि स्प्रिंगांचे चिमटे मी यादीतून खोडले. नळीचा जुना तपकिरी रंग घासून चकचकीत केला, की तो गेला तो गेलाच. नक्षीही बोथट होते. घोडा आणि चाप यांच्या आतल्या भागांना घरी हात लावूच नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवान्यावाचून करता येत नाही. निगा आपली, दुरुस्ती कारागिराची. घोड्याची स्प्रिंग ढिली पडली, तेव्हा कलाभवनात शिकलेले आमचे काकाही बंदूक कारागिराकडेच घेऊन गेले होते.

पुतण्याने विचारले, "मग हा ओरखडा तरी कारागिराकडून घासून घेऊ या का?" मी नको म्हटले. ओरखडा जायचा तर भोवतालची नक्षीही जायची. शिवाय काकांनी घासलेला तो पेचकस आजही माझ्यापाशी आहे. मी तो त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "आता खरेदी दोनच पेचकसांची."