आतड्याच्या कॅन्सरची लस : 'निघाली' की 'तपासली जातेय'?



मागे आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : 'आतड्याच्या कॅन्सरवर लस निघाली, १०० टक्के गुण!' दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दहावीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, ती लस जळगावला कुठे मिळते? आमच्या आजोबांना तोच कॅन्सर होता. आता काकांनाही निघालाय. पप्पांना देऊन टाकायची होती."

तिला घाईघाईत 'अशी लस अजून नाही बेटा' एवढंच सांगून मी वर्गावर गेलो. पण उत्तर अर्धवट राहिलं, हे मनाला लागलं. तिच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. लस आहे का? आणि पप्पांना धोका आहे का? आज दोन्हींची उत्तरं नीट पाहू. दहावीचा आनुवंशिकतेचा धडा शिकवताना हे उदाहरण तुम्हालाही उपयोगी पडेल.

धोका कुणाला जास्त?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर छोटी गाठ, म्हणजे पॉलिप, येते. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा पुढे कॅन्सर होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात दुर्बिणीने तपासून गाठ काढून टाकली, तर पुढचं संकट टळतं.

काही घराण्यांत मात्र हा प्रवास फार लवकर होतो. अमेरिकेत १८९५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं होतं, 'आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार.' दुर्दैवाने तसंच झालं. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ तयार केली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा अनेक घराण्यांचा अभ्यास केला. त्यांच्यावरून या दोषाला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. अंदाजे ३०० माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. नाणं उडवल्यासारखंच.

लाल पेनवाले मास्तर रजेवर

हा दोष नेमका कसला? वर्गात मी असं सांगतो. पेशी दोन होताना डीएनएची नक्कल होते. नक्कल करताना मुलांच्या वहीत होतात तशा चुका होतात. त्या लाल पेनने दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. लिंच सिंड्रोममध्ये त्यांतल्या एकात जन्मतःच बिघाड असतो. त्याची दुसरी, चांगली प्रतही एखाद्या पेशीत बिघडली, की तिथले मास्तर कायमचे रजेवर गेले म्हणून समजा.

आता फळ्यावर लिहा : मदन शहर बघत परत. अर्थ ओढूनताणून लागतो, पण लागतो. डीएनएसुद्धा असाच तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. यातला 'न' गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं पाडा : मदश हरब घतप रत. एकच अक्षर गळलं, पण तिथून पुढचं सगळं वाक्य बिघडलं. पेशीतही एक अक्षर गळलं की पुढचं प्रथिन भलतंच तयार होतं.

ही भलती प्रथिनं निरोगी शरीरात नसतात, म्हणून आपली प्रतिकारशक्ती त्यांना 'परकं' म्हणून ओळखू शकते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की एकच अक्षर ओळीने अनेकदा येतं अशा जागीच नक्कल जास्त चुकते. आपणही 'ममममममम' लिहिताना एखादा 'म' विसरतोच की! त्यामुळे वेगवेगळ्या रुग्णांच्या गाठींत बऱ्याच चुका त्याच त्या ठिकाणी सापडतात. चुका सारख्या असतील, तर त्या ओळखायला शिकवणारी एकच लस अनेकांना चालू शकेल. प्रतिबंधक लशीची सगळी आशा या मुद्द्यावर उभी आहे.

सध्या काय तपासलं जातंय?

'नूस-२०९' नावाची लस याच कल्पनेवर केली आहे. तिच्यात अशा २०९ बिघडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांची माहिती भरलेली आहे. अमेरिकेत लिंच सिंड्रोम असलेल्या, पण कॅन्सर नसलेल्या ४५ जणांना ती देऊन पाहिली. लशीमुळे गंभीर त्रास झाला नाही आणि प्रतिकारशक्ती जागी झाली. बातमी चांगलीच आहे. पण या माणसांना पुढे कॅन्सर कमी होतो का, हे त्यातून सिद्ध होत नाही. 'प्रतिकारशक्ती जागी झाली' आणि 'आजार टळला' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

हा फरक किती मोठा आहे, ते दुसऱ्या एका लशीने दाखवलं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 'एमयूसी-१' या प्रथिनावर लस तयार केली. ज्यांच्या आतड्यातून धोकादायक पॉलिप काढलेले होते अशा १०३ जणांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला लस आणि दुसऱ्याला नुसतं दिखाऊ इंजेक्शन. कुणाला काय मिळालं, हे त्या माणसालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

हे कशासाठी? आपल्या शेतकऱ्याला विचारा. नवं खत सगळ्याच कापसाला टाकलं आणि पीक चांगलं आलं, तर श्रेय खताचं की पावसाचं? म्हणून हुशार शेतकरी चार ओळी बिनखताच्या ठेवतो. दिखाऊ इंजेक्शनचा गट म्हणजे त्या चार ओळी.

निकाल २०२३ मध्ये आला. लस घेतलेल्यांपैकी फक्त पाव लोकांत अपेक्षित प्रतिकारशक्ती दिसली. पुन्हा पॉलिप आलेल्यांचं प्रमाण दिखाऊ गटात ६६ टक्के आणि लस गटात ५६ टक्के. 'दहा टक्क्यांनी कमी झालं की!' असं आपल्याला वाटेल. पण गट लहान होते. पन्नास-पन्नास मुलांच्या दोन तुकड्यांच्या निकालात एवढा फरक सहज, योगायोगानेही पडतो. म्हणून संशोधकांनी सरळ सांगितलं, की लशीचा फायदा सिद्ध झाला नाही. ज्यांच्यात प्रतिकारशक्ती जागी झाली त्यांच्यात पॉलिप कमी दिसले, त्यामुळे वाट बंद झालेली नाही. 'जमलं नाही' हे छापून सांगणं हासुद्धा विज्ञानाचाच भाग आहे. फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं.

आपल्याकडचा अनुभव : बार्शी, पुणे आणि एक सही

कॅन्सर टाळणारी लस निरोगी माणसांवर तपासण्याचा मोठा अनुभव महाराष्ट्राला आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायला २००९ मध्ये भारतात अनेक केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी आणि पुण्याची केंद्रंही होती. २० हजार मुलींचं उद्दिष्ट होतं. १७,७२९ मुलींना लस दिली गेली आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं.

कारण दुसरीकडे घडलं होतं. तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत याच लशीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण संमतिपत्रं तपासली तेव्हा अनेक ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

मित्रांनो, हा भाग आपल्यासाठी आहे. यावल, चोपडा, साक्री, शिरपूर भागांत आश्रमशाळा आहेत. पालक ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेले असतात. 'सर, तुम्हीच करा सही' असं म्हणणारेही भेटतात. संशोधनासाठी मुलाच्या अंगावर काही करायचं असेल, तर ती सही आपली नाही. आईवडिलांना त्यांच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत, समजावून सांगून 'नाही' म्हणायची मोकळीक देणं, हे आपलं काम आहे.

त्या थांबलेल्या अभ्यासातून पुढे एक मोलाची गोष्ट हाती आली. काम मध्येच थांबल्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांच्याकडे दहा वर्षं लक्ष ठेवलं. एका डोसनेही टिकून राहणाऱ्या एचपीव्ही संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोस पुरेसा मानला, त्यामागच्या पुराव्यांत आपल्याकडच्या या मुलींचाही वाटा आहे. दहा वर्षं लागली, हे मुलांना मुद्दाम सांगा.

मग पप्पांचं काय?

लस नाही म्हणजे हातावर हात धरून बसायचं, असं मुळीच नाही. त्या मुलीला मी पुन्हा बोलावलं आणि वंशावळ काढायला सांगितली. तीन पिढ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. कोणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. आपल्याकडे 'पोटाच्या दुखण्याने गेले' म्हणून विषय संपवतात, म्हणून आजीला नीट विचारायला सांगितलं.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र म्हणजे ३-२-१. आतड्याचा, गर्भाशयाचा किंवा त्याच्याशी संबंधित कॅन्सर झालेले तीन जवळचे नातेवाईक, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यातला एक तरी पन्नाशीच्या आत. असं जुळलं तर लिंच सिंड्रोमची शंका घ्यायलाच हवी. पूर्ण जुळलं नाही, पण पन्नाशीच्या आत एकालाही आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तरी डॉक्टरांना सांगावं. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही वंशावळ घेऊन जाता येतं. पुढच्या आनुवंशिक सल्ल्यासाठी खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे. दोष सापडला, तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करतात. आजच्या घडीला मुख्य संरक्षण तेच आहे.

आणि एक. शौचातून रक्त पडलं, की आपण 'भरीत तिखट होतं', 'शेवभाजी बाधली', 'मूळव्याध असेल' म्हणून सोडून देतो. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू द्या.

त्या मुलीने वंशावळ आणली. काकांच्या नावापुढे वय लिहिलं होतं : ४४. आता तिचे पप्पा तपासणीला जाणार आहेत. लस तयार होईल तेव्हा होईल. एक कोरा कागद आणि आजीची आठवण आजही हाताशी आहे. तुमच्या वर्गातही हा कागद जरूर काढून घ्या.